अमोनिया आणि अमोनियम: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेला आठवडाभर आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की बिस्किटांच्या पुड्यावरचा 503 हा घटक-क्रमांक म्हणजे अमोनियम, आणि अमोनियम म्हणजेच विषारी अमोनिया. गोव्यात मासळीवर घालतात तो बर्फही अमोनियाचा, आणि मोरीला, म्हणजे शार्क माशाला, येणारा उग्र वास हा त्याचा पुरावा. मी फोंड्यात रसायनशास्त्र शिकवते. माझ्याच विद्यार्थ्यांच्या आया हे पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

अमोनिया आणि अमोनियम एकच? नाही. अमोनिया हा नाकाला झोंबणारा वायू, एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजनचा. आम्ल भेटलं की त्याला धनभारित चौथा हायड्रोजन चिकटतो आणि अमोनियम आयन होतो. हा वायू नव्हे. तो क्षारात किंवा पाण्यात बांधलेला राहतो. कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. वर्गात मी चिमूटभर नवसागर तळहातावर घेऊन मुलांसमोर धरते. वास जवळजवळ नाहीच. मग पानाचा चुना नखभर घालून बोटाने चोळते, की पहिल्या बाकावरची मुलं नाक धरून मागे सरकतात. चुन्याने तो चौथा हायड्रोजन काढून घेतला आणि अमोनिया सुटला. एका अक्षराने केवढा फरक पडतो, तो असा नाकाला कळतो.

बिस्किटातलं 503 बहुतेक वेळा अमोनियम बायकार्बोनेट असतं. भट्टीत ते फुटतं. अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, बिस्किट फुलतं. पातळ बिस्किटातून अमोनिया उडून जातो. जाड केकमध्ये तो अडकून वास मारेल, म्हणून केकला हे वापरत नाहीत.

आता बर्फ. मालीम असो की कुटबण, जेट्टीवर येणारा बर्फ पाण्याचाच असतो. कारखान्यात अमोनिया बंद नळ्यांतून फिरतो आणि मिठाचं पाणी गार करतो. त्या पाण्यात पत्र्याचे डबे बुडवून आतलं साधं पाणी गोठवतात. अमोनियाचा बर्फाशी संबंध एवढाच. नळी गळली तर आधी तिथले कामगारच बाहेर पळतील.

अमोनिया धोकादायक आहे, हे मात्र खरं आहे. 2018 च्या जानेवारीत गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा लोकांना पहाटे घरं सोडावी लागली. त्याच वर्षी जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातून रान पेटलं ते मात्र मासळीला लावल्याचा संशय आलेल्या फॉर्मेलिनवरून, म्हणजे प्रेतं टिकवायच्या रसायनावरून. फॉर्मेलिनमध्ये नायट्रोजनच नाही. मेसेजवाल्याने दोन्ही भीती एका पिशवीत कोंबल्या आहेत.

राहिली मोरी. मोरी आणि तिची भावंडं समुद्राच्या खारटपणाला तोंड द्यायला अंगात युरिया साठवतात. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणजे वास मोरीच्या अंगातूनच येतो, कुणी घातलेला नसतो. वास भपकन आला तर मोरी शिळी आहे, घेऊ नका. बांगड्याला असा वास आला तर अजिबातच नको. मंद वास असेल तर आपल्या आज्यांनी उपाय कधीच शोधला होता: आंबट-तिक, म्हणजे आपलं आंबट-तिखट कालवण. चिंचेच्या किंवा व्हिनेगरच्या आम्लाने तो थोडका अमोनिया अमोनियम होऊन रसातच बांधला जातो, नाकापर्यंत येत नाही.

परवा बाजारात एका मासळीवालीची मोरी अकरा वाजले तरी तशीच पडून होती. "बाई, लोक मोबाइल दाखवतात नि निघून जातात," ती म्हणाली. मी मोरी हातात घेऊन पाहिली. मांस घट्ट होतं, वास समुद्राचाच होता. अर्धा किलो घेतली, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंना तिथेच नवसागर-चुन्याची गोष्ट सांगितली.