‘आम्ही नाही का घडलो?’

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शाळेत म्हणे आता आनंदी राहायला शिकवणार! आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. या थेरांत अभ्यास बुडतो, मुलं लेचीपेची होतात. आणि शिक्षकांना कसला ताण? पगार मिळतो ना!’ मला तो तीनदा आलाय.

‘आम्ही घडलो’ हे जे घडले तेच सांगणार. माराच्या धाकानं ज्यांनी शाळाच सोडली, ते या ग्रुपांत नाहीत.

अभ्यास बुडतो? मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या, म्हणजे भावना ओळखणं, सावरणं आणि इतरांशी जुळवून घेणं शिकवणाऱ्या, 213 शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. मुलं होती 2 लाख 70 हजार. कार्यक्रमात असलेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी सरासरी 11 पर्सेंटाइलनं वर निघाली. म्हणजे शंभरात बरोबर मधोमध असणारं मूल आणखी अकरा जणांच्या पुढे.

लेचीपेची म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या आनंदी जगण्याच्या मांडणीत सुखद भावना हे पाचांतलं फक्त एक अंग आहे. बाकीची चार म्हणजे तल्लीनता, नाती, जगण्याला अर्थ आणि काहीतरी साध्य करणं. गणित चुकल्यावर ‘मी ढच’ म्हणून वही न मिटता दुसरी रीत करून बघणं यातच येतं.

मेसेजवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट मीच मांडतो, कारण त्यांना ती सुचलेली दिसत नाही. नुसता तास लावून भागत नाही. ब्रिटनमधल्या ‘मिरियड’ चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. 85 शाळांतल्या 11 ते 14 वयाच्या आठ हजारांवर मुलांपैकी निम्म्या शाळांतल्यांना माइंडफुलनेसचे, म्हणजे आत्ताच्या क्षणावर शांतपणे लक्ष ठेवण्याचे, धडे दिले, पण इतरांच्या तुलनेत त्यांच्या मनःस्वास्थ्यात काही सुधारणा दिसली नाही. बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. हे धडे देणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांचा थकवा मात्र कमी झाला, निदान काही काळ.

म्हणूनच पगाराचा मुद्दा मला सगळ्यांत खटकतो. कॅनडात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 17 शिक्षकांच्या वर्गांतल्या चारशेवर मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. शिक्षक जितका थकलेला, तितकं त्याच्या वर्गातल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त. यात कोणामुळे कोण, हे तेवढ्यावरून ठरत नाही. त्रासदायक वर्गही शिक्षकाला थकवतो. पण दोघांचा ताण एकाच खोलीत राहतो, एवढं दिसतं.

त्यावर उपाय साधे आहेत. शिक्षकाचा ऑफ तास गैरहजर सहकाऱ्याचा वर्ग सांभाळण्यात खर्ची न घालणं, दुहेरी नोंदी बंद करणं, हाताबाहेर गेलेल्या मुलासाठी समुपदेशक नेमणं. पगाराच्या स्लिपवर यातलं काहीच येत नाही.