‘आवड सापडली की पैसा मागोमाग येतो’ : एक प्रतिवाद

दहावी-बारावीचे निकाल लागले की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : प्रत्येकाच्या मनात एक खरी आवड दडलेली असते, ती ओळखताना कोणाचाही सल्ला घेऊ नये आणि ती सापडताच नोकरीला रामराम ठोकावा, पैसा मागोमाग येतो. पुराव्यादाखल दादासाहेब फाळके हजर असतातच : गिरगावात त्यांनी परदेशी चित्रपट पाहिला, त्यांना आयुष्याचे ध्येय सापडले आणि १९१३ साली त्यांचा पहिला चित्रपट झळकला.

फाळक्यांचेच उदाहरण घेऊ, कारण ते दाव्याच्या उलट साक्ष देते. गिरगावातला तो चित्रपट पाहिला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. १८८५ साली ते सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते आणि त्यानंतर बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, छपाईचा व्यवसाय असे बरेच काही त्यांनी करून पाहिले होते. हलती चित्रे पाहून ‘हे आपल्याला जमेल’ असे वाटायला कॅमेरा, रसायने आणि छपाई यांत मुरलेला हात लागतो. शेजारच्या खुर्चीवरील प्रेक्षकानेही तोच चित्रपट पाहिला होता!

सल्ला घेऊ नये, हा मुद्दा तर इथे साफ कोसळतो. फाळके १९१२ साली लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले आणि ब्रिटिश चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी कामाची पद्धत समजून घेतली. घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना छिद्रे पाडत आणि फिल्म धूतही असत.

उडी मारण्याबद्दल म्हणायचे तर भांडवल मागण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोपाची वाढ एकेक चौकट टिपत कॅमेऱ्यात पकडली आणि तो छोटासा नमुना दाखवून पैसे लावणाऱ्यांची खात्री पटवली. विमा पॉलिसी गहाण टाकण्याइतकी जोखीम त्यांनी घेतली, हे खरे. मात्र ती डोळे मिटून घेतलेली नव्हती. पैशाचे म्हणाल, तर १९४४ साली नाशिकला निधन झाले तेव्हा ते श्रीमंत नव्हते.

आज मुंबईत असा नमुना करून पाहणे फारसे अवघड नाही. अनेक कामांसाठी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेत काम शिकता येते. जिथे ती सोय नाही, तिथे निदान ते काम करणाऱ्याला गाठून त्याचा दिवस कसा जातो, हे विचारावे. ॲनिमेशनची आवड असलेल्या बदलापूरच्या मुलीने दादरला गाडी बदलून अंधेरी गाठावी, एखाद्या स्टुडिओत ओळखीने बसावे, एकाच दृश्याच्या दुरुस्त्या दिवसभर कशा चालतात ते पाहावे आणि संध्याकाळच्या गर्दीतून परतावे. दुसऱ्या दिवशीही जावेसे वाटले, तर अभ्यासक्रमाची फी भरायला हरकत नाही.