रूपांतर यशस्वी झाले

दस्तऐवज एका फाईल-प्रकारातून दुसऱ्यात नेताना मजकूर सहसा निमूटपणे येतो, तक्ते थोडी कुरकुर करतात आणि आकृत्या मात्र मानपानासाठी अडून बसतात. त्यातही व्हेक्टर आकृत्यांची ऐट अधिक. छायाचित्र ठिपक्यांचे असते. ते कुठेही नेले तरी फार तर धूसर होते. व्हेक्टर आकृती म्हणजे चित्र नव्हे, चित्र कसे काढावे याचे आज्ञापत्र: येथून रेघ सुरू करा, तेथे वळवा, आत निळा रंग भरा. कितीही मोठी केली तरी ती रेखीव राहते, पण वाचणाऱ्याला तिच्यातील प्रत्येक आज्ञा समजावी लागते, आणि सगळ्या आज्ञा समजणारे दोन फाईल-प्रकार एकत्र नांदताना मी अद्याप पाहिलेले नाहीत.

एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टर आकृतीची फाईल, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली मोजते, तर पीडीएफ खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर. हे बहुतेक प्रोग्रॅम सांभाळून घेतात, मापाचे मात्र सांगता येत नाही. एका इंचात एसव्हीजीचे ९६ पिक्सेल मावतात आणि पीडीएफचे ७२ पॉइंट, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातून आकृती एक तृतीयांशाने फुगते आणि परतीच्या वाटेवर त्याच न्यायाने पाव भागाने आक्रसते.

सावलीची कथा आणखी करुण आहे. पीडीएफला पारदर्शकता २००१ मध्ये, १.४ या आवृत्तीत लाभली. ईपीएस या छपाईसाठीच्या जुन्या फाईल-प्रकाराच्या नशिबी ती कधीच आली नाही, कारण तेथे रंग दिला म्हणजे खालचे झाकले, एवढाच व्यवहार. मग प्रोग्रॅम माझ्या हलक्या सावलीचे तुकडे पाडतो आणि त्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा पडद्यावर उमटतात, ज्या छापल्यावर बहुधा नाहीशा होतात, म्हणजे तक्रारीचा पुरावाही उरत नाही. डब्ल्यूएमएफ या विंडोजच्या जुन्या आकृती-प्रकाराला तर बेझिए वक्र, म्हणजे मोजक्या बिंदूंवरून आखलेली गुळगुळीत वळणे, ठाऊकच नसल्यामुळे माझे डौलदार वळण तेथे असंख्य आखूड सरळ रेघांची रांग होऊन उभे राहते.

हे सारे मी सोसले असते. माझा राग आहे तो प्रोग्रॅमच्या सौजन्यावर. त्याला आज्ञा समजली नाही तरी तो तसे कधी बोलत नाही. काहीच जमेना की अख्ख्या आकृतीचे ठिपके करतो, ते पीडीएफच्या वेष्टनात ठेवतो आणि रूपांतर यशस्वी झाल्याचे कळवतो. पीडीएफच्या पोटात रेघाही मावतात आणि ठिपकेही, त्यामुळे फाईलच्या नावावरून काही उमगत नाही. डॉकएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या फाईलमध्ये, तर एसव्हीजीसोबत तिची ठिपक्यांची पीएनजी प्रतही ठेवलेली असते, आणि पुढच्या रूपांतरात नेमकी कोणती उचलली गेली हे उचलणाराच जाणे. म्हणून मी आलेली प्रत्येक आकृती प्रचंड मोठी करून तिच्या कडा न्याहाळतो: पायऱ्या दिसल्या की फसवणूक.

अक्षरांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. पलीकडे फॉन्ट नसला की दुसराच त्याच्या जागी बसतो आणि नावे चौकटीबाहेर डोकावू लागतात, म्हणून पाठवण्यापूर्वी मी सर्व अक्षरांच्या बाह्यरेषा करून टाकतो, म्हणजे अक्षर उरत नाही, नुसता त्याचा आकार उरतो. तशी आकृती कोठेही हलत नाही. परवा संपादकांनी तिचे मनापासून कौतुक केले आणि कळवले की, आता तिच्यातला फक्त एक शब्द ते स्वतःच बदलून घेतील.