पिकअपचा ॲव्हरेज पडला की दोष इथेनॉलचा?

पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. "14 चा ॲव्हरेज एकदम 10 वर आला? डिझेलमध्ये इथेनॉल मिसळतात, म्हणून. उपाय : टाकीत टू-स्ट्रोक ऑइल टाका, थर्मोस्टॅट काढून फेका, ईजीआर बंद करा, डिझेल पहाटेच भरा." मला तो एका आठवड्यात तिघांनी पाठवला. तिसरा माझा मेहुणा, पिंपळगावहून वाशीला टोमॅटोची कॅरेट नेणारा.

आधी इथेनॉल. ते 20 टक्के मिसळतात पेट्रोलमध्ये. पंपावरच्या डिझेलमध्ये नाही. ऊसपट्ट्यातल्या माणसाला इथेनॉल म्हटलं की शेजारचा साखर कारखाना दिसतो, म्हणून असली गोष्ट लगेच पटते. पण हिशेबही जुळत नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे 20 टक्के मिश्रणाने ऊर्जा 6-7 टक्के घटेल, 14 चे 13 होतील. 14 चे 10 म्हणजे 28 टक्क्यांहून जास्त घट. शिवाय इंधनच बदललं असतं तर त्या पंपावर भरणाऱ्या सगळ्याच गाड्या एकदम पडल्या असत्या. शेजारच्याची पिकअप तेच डिझेल पिऊन 14 देत असेल, तर खोट तुमच्या गाडीत आहे, नाहीतर मोजण्यात.

मोजण्यात बरेचदा असते. काट्यावर किंवा स्क्रीनवर विसंबू नका. टाकी फुल्ल, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल, असं निदान तीनदा करा. मधे टायर बदललेत का, तेही आठवा. 215/75 आर15 काढून 235/75 आर15 चढवले तर चाक 4 टक्क्यांच्या वर मोठं होतं. गाडी 104 किलोमीटर पळते, मीटर 100 दाखवतो आणि शिव्या खातं डिझेल.

मेहुण्याला मी एकच विचारलं : ॲव्हरेज पडायच्या आधी गाडीला हात कोणी लावला होता? उत्तर आलं, मागचे ब्रेक लायनर बदलले होते. 15-20 किलोमीटर पळवून, ब्रेक फारसा न लावता गाडी उभी केली. तीन चाकांचे हब (मधले भाग) कोमट होते. डाव्या मागच्या चाकाजवळ हात धरवेना. हँडब्रेकची केबल अडकली होती, लायनर ड्रमला घासत होता, आणि हा दोन आठवडे ब्रेक ओढत वाशी गाठत होता! केबल बदलली, गाडी पुन्हा साडेतेरावर. या तपासाला पैसा लागत नाही. फक्त हब हाताने चाचपू नका, भाजेल.

आता उपाय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. तो काढला की उलटंच होतं. इंजिन थंड राहतं, ऑइल घट्ट राहतं, आणि गाडी अजून तापलीच नाही असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जादा डिझेल देतो. गंमत म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकणं हेच ॲव्हरेज पडायचं एक खरं कारण आहे. तासभर पळूनही टेम्परेचरचा काटा खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट नवा बसवा.

टू-स्ट्रोक ऑइल आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) यांचं दुखणं एकाच जागी जातं. बऱ्याच बीएस-6 डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की इंजिन जादा डिझेल फवारून धूर 600 अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळतं. हायवेला हे कधी झालं ते कळतही नाही. गावातल्या गावात चार-चार किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीत मात्र ते अर्धवट राहतं, परत सुरू होतं, परत अर्धवट. डिझेल त्यातच जातं, थोडं झिरपून इंजिन ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोच्या होजला (नळीला) चीर गेली किंवा ईजीआर उघडा अडकला की काजळी वाढते आणि हे चक्र जोरात फिरतं. होज फाटल्याची खूण म्हणजे चढावर गाडी ओढत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो. अशा गाडीत टू-स्ट्रोक ऑइल ओतलं तर त्याची राख त्याच फिल्टरमध्ये बसते, आणि राख काजळीसारखी जळून जात नाही. ईजीआरला पत्रा ठोकला तर ईसीयूला कळतं, इंजिनचा दिवा लागतो, गाडीची ताकदही उतरू शकते. ईजीआर साफ करून घ्या, बंद नको.

पहाटेचं डिझेल? टाकी जमिनीखाली असते, दिवसभरात तिचं तापमान जेमतेम हलतं. अगदी 10 अंशांचा फरक धरला तरी 50 लिटरमागे 400 मिलीच्या आसपास. झोप मोडायची तर मोडा.

मजकुरात एकच शंका रास्त आहे, पंपाची. भेसळही होते, मापही मारतात. पण त्याला टू-स्ट्रोक ऑइल हे उत्तर नाही. पंपावर 5 लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. 25 मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर तक्रार करा. डेन्सिटीही (डिझेलची घनता) समोर तपासून मागा आणि फलकावरच्या आकड्याशी ताडून बघा. टाळाटाळ केली तर पावती घ्या आणि पंप बदला.