‘दोन तासांत घरच्या घरी क्लच’: त्या मेसेजमध्ये राहून गेलेलं

आपल्या कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘क्लच प्लेटसाठी गॅरेजला हजारो रुपये घालवू नका. डिकीतला जॅक, पाना सेट आणि एक स्क्रूड्रायव्हर, एवढ्यावर दोन तासांत घरी काम होतं. फक्त प्लेट बदला, बाकीचं जुनंच चालतं. गाडी चढाला ओढेना की समजायचं, प्लेट गेली.’ माझ्याकडे तो पाच जणांनी पाठवला. मी माझ्या जुन्या हॅचबॅकचा क्लच स्वतः अंगणात बदललाय, त्यामुळे हे काम घरी होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण या मेसेजच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरू नये, म्हणून लिहितोय.

आधी जॅकचं. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. गिअरबॉक्स सोडवताना आपण खालून गाडीला हिसके देत असतो, अडकलेला बोल्ट सुटावा म्हणून अख्खं अंग लावून ओढत असतो. त्या धक्क्याने जॅक कलंडला तर बाहेर सरकायला वेळ मिळत नाही. सपाट, टणक जमीन हवी, मागच्या चाकांना ओंडके हवेत आणि गाडीचं वजन लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) हवं. वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक नको, तो कसलीही सूचना न देता फुटतो. गाडी घोड्यांवर ठेवली की आधी बाहेर उभं राहून जोरात हलवून बघा.

दुसरं, ‘पाना सेट आणि स्क्रूड्रायव्हर’. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीत क्लचपर्यंत पोचायला बॅटरी, एअर फिल्टर, स्टार्टर, गिअरच्या केबल्स आणि दोन्ही अ‍ॅक्सल काढावे लागतात. त्याआधी गिअर ऑइल उतरवायचं. गिअरबॉक्सकडचं माउंटिंग, म्हणजे त्याला धरणारा आधार, सोडायच्या आधी इंजिनाला टेकू द्यायचा, नाहीतर ते एका बाजूला लटकतं. चाकाच्या मधला हबचा नट साध्या पान्याने हलतही नाही. त्याला लांब दांडा आणि नेमकी गोटी (सॉकेट) लागते, आणि परत बसवताना टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना. गिअरबॉक्स स्वतः तीस किलोच्या आसपास. तो छातीवर घेऊन कुणी उतरवू नये. खाली ट्रॉली जॅक हवा आणि सोबत एक माणूस हवाच.

‘दोन तास’ हा आकडा कुठून आला, मला कळलेलं नाही. रॅम्प असलेल्या गॅरेजात सरावाच्या मिस्त्रीचाही यात बराच वेळ जातो. मला शनिवार-रविवार दोन्ही दिवस लागले, आणि तेही एक चूक करून. नवी प्लेट मी नजरेच्या अंदाजाने मधोमध बसवली होती. गिअरबॉक्स वर चढवला, तर त्याचा शाफ्ट प्लेटच्या मधल्या दात्यांत जाईना. दोन बोटं फट राहिली होती. मी घाईला आलो, बोल्ट आवळत गेलो, म्हटलं ओढला जाईल. कट्‌कन आवाज झाला आणि गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगचा (कवचाचा) बोल्ट बसतो तो कान तुटला. सोमवारी तो उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या भागात, नेऊन आर्गन वेल्डिंग करून घेतला. त्या वेल्डरने अक्कल शिकवायचे दहा रुपयेही घेतले नाहीत, पण लाकडाचा एक डमी शाफ्ट लेथवर काढून घ्यायला सांगितलं. प्लेट त्याच्यावर धरायची, तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, मग डमी बाहेर. दुसऱ्या खेपेला गिअरबॉक्स हाताच्या रेट्याने जागेवर बसला. फट राहिली तर बोल्ट आवळायचा नाही, खाली घेऊन प्लेट पुन्हा मध्यावर आणायची.

‘फक्त प्लेट बदला.’ सगळी मेहनत गिअरबॉक्स खाली घेण्यात आहे. तो एकदा उतरला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट ढकलणारं) तिन्ही एकदम बदलावीत. बेअरिंग सहा महिन्यांनी आवाज करायला लागलं तर तेवढ्या एका भागासाठी हाच खटाटोप पुन्हा. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्याला चिकटते त्या इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग किंवा तडे दिसतात का तेही बघा. साध्या फ्लायव्हीलला गरज असेल तर उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, मिळतं. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर तेही याच वेळी बदला, नाहीतर नवी प्लेट तेलाने भिजून घसरायला लागेल. आतली काळी पूड हवा मारून उडवू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. उतरवलेलं तेल गटारात ओतू नका, ते शेवटी पंचगंगेतच जातं.

राहिला शेवटचा मुद्दा, चढाचा. हा मेसेज वाचून माझा आत्तेभाऊ प्लेट आणायला निघाला होता. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन ओरडायचं आणि वेग वाढायचा नाही. लक्षण घसरत्या क्लचचंच. पण क्लच घसरायचं कारण प्रत्येक वेळी झिजलेली प्लेट नसते. मी त्याला पेडल हाताने दाबून बघायला सांगितलं. केबलवाल्या गाडीत सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते, म्हणजे क्लच न हलता पेडल थोडं खाली जायला हवं. त्याच्या पेडलला ती अजिबात नव्हती, म्हणजे पाय काढल्यावरही क्लच किंचित दाबलेलाच राहत होता. केबलचा नट फिरवून चाल आणली. मग मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत त्याने क्लच हळूहळू सोडला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं, म्हणजे प्लेट पकड घेत होती. वेळेत लक्षात आलं म्हणून ती जळाली नव्हती. त्याच रविवारी तो घरच्यांना घेऊन जोतिबाला जाऊन आला.