तीन जर्सी घातलेली मुलगी

एमी ब्रॉडहर्स्ट. आयर्लंड प्रजासत्ताकातल्या डंडॉकची बॉक्सर, वडील इंग्लंडचे. २०२२ मध्ये इस्तंबूलच्या ज्या जागतिक स्पर्धेत आपल्या निखत झरीननं सुवर्ण जिंकलं, त्याच स्पर्धेत एमीनंही सुवर्ण जिंकलं, आयर्लंडसाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा सुवर्ण, पण या वेळी नॉर्दर्न आयर्लंडसाठी. पुढे पॅरिस ऑलिम्पिकसाठी आयर्लंडच्या संघात तिची निवड झाली नाही, तेव्हा २०२४ मध्ये ती ग्रेट ब्रिटनची जर्सी घालून पात्रता स्पर्धेत उतरली. बँकॉकला हरली आणि ऑलिम्पिक हुकलं.

दोन वर्षांत तीन जर्सी. यावरून तिच्या निष्ठेवर शंका घेणारे पाहिले की मला मनापासून राग येतो. बॉक्सरच्या हातात उमेदीची किती वर्षं असतात? आणि ज्या बेटानं गेल्या शंभर वर्षांत स्वतःचा प्रश्न सोडवला नाही, त्याचं उत्तर पंचविशीतल्या एका मुलीनं द्यायचं?

आयर्लंडची फाळणी १९२१ ची. दक्षिण वेगळी झाली आणि पुढे प्रजासत्ताक बनली, उत्तर म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड ब्रिटनकडे राहिला. तिथले बहुतेक प्रोटेस्टंट ब्रिटनच्या बाजूचे, तर बहुतेक कॅथलिक एकसंध आयर्लंडच्या. त्यानंतर फुटबॉलची संघटनाही दुभंगली, एक बेलफास्टला राहिली, दुसरी डब्लिनला उभी राहिली. बॉक्सिंगचं तसं झालं नाही. १९११ मध्ये स्थापन झालेली हौशी बॉक्सिंग संघटना पूर्ण बेटाची होती आणि पूर्ण बेटाचीच राहिली. त्यामुळे बेलफास्टचा मुलगा, मग तो कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, ऑलिम्पिकला जातो तो आयर्लंडकडून. राष्ट्रकुलात मात्र आयर्लंड प्रजासत्ताक नाही, म्हणून तिथे नॉर्दर्न आयर्लंडचा वेगळा संघ. एकाच माणसाच्या कपाटात दोन जर्सी असणं ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. पॅडी बार्न्स, मायकल कॉनलन, सगळे असेच खेळले.

बॉक्सर बॅरी मॅग्विगनचं घर क्लोन्सला, सीमेला अगदी खेटून, पण प्रजासत्ताकाच्या बाजूला. १९७८ मध्ये एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नॉर्दर्न आयर्लंडसाठी सुवर्ण, दोन वर्षांनी मॉस्को ऑलिम्पिकमध्ये आयर्लंडकडून. व्यावसायिक झाल्यावर ब्रिटिश विजेतेपदासाठी लढायचं तर ब्रिटिश नागरिकत्व हवं, ते त्यानं घेतलं. लगेच ‘बॅरी द ब्रिट’ म्हणून हिणवणारे निघाले. ते दिवस बॉम्बचे आणि गोळ्यांचे होते, तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. कॅथलिक घरातल्या या मुलाची बायको प्रोटेस्टंट. त्यानं ठरवलं, ना आयर्लंडचा तिरंगा ना ब्रिटनचा युनियन जॅक. पँटवर शांततेचं कबुतर, आणि राष्ट्रगीताच्या जागी त्याचे वडील पॅट रिंगमध्ये उभे राहून ‘डॅनी बॉय’ गायचे. चाल डेरी परगण्यातली, शब्द एका इंग्रज वकिलाचे, त्यामुळे ते गाणं कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये दोन्ही बाजूंची माणसं शेजारी शेजारी बसून ते म्हणायची. ८ जून १९८५ ला लंडनच्या लॉफ्टस रोड मैदानावर त्यानं पनामाच्या युसेबियो पेद्रोसाला पंधरा राउंड झुंजवून जागतिक विजेतेपद काढून घेतलं. पेद्रोसाकडे ते सात वर्षं होतं.

मॅग्विगनबद्दल मला फार आदर आहे. तरी मला जास्त हलवतो तो वेन मॅककुला.

वेन बेलफास्टच्या शँकिल रोडचा. म्हणजे ब्रिटनशी निष्ठा भिंतींवर रंगवलेला, कट्टर प्रोटेस्टंट भाग. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला तो अठरा वर्षांचा होता आणि उद्घाटनाच्या संचलनात आयर्लंडचा झेंडा त्याच्या हातात दिला गेला. त्या झेंड्यात हिरवा, पांढरा आणि केशरी असे तीन पट्टे आहेत. केशरी पट्टा खरं तर वेनच्याच समाजासाठी ठेवलेला, पांढरा दोघांमधल्या शांततेसाठी. पण शँकिलवर तो झेंडा परक्याचा, वैऱ्याचा मानला जायचा. आणि हा पोरगा तो सगळ्या जगासमोर घेऊन चालला. झेंडा टाळायला धाडस लागतंच, पण जो झेंडा आपल्या गल्लीला सलतो तो उचलायला मला वाटतं त्याहून जास्त लागतं. चार वर्षांनी बार्सिलोनात त्यानं आयर्लंडसाठी रौप्य जिंकलं. त्याला कुठलीच ओळख सोडावी लागली नाही, कारण संघटनेनं ती कधी मागितली नव्हती. भावनेच्या भाषणांनी हे साधलं नसतं. क्लब, निवड चाचणी आणि एकच राष्ट्रीय स्पर्धा, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्यवस्थेनं ते साधलं. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानं तिथल्या माणसांना आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क कागदावर दिला. बॉक्सर तो आधीपासून वापरत होते.

आणि फक्त सीमेबद्दल बोलून थांबलो तर गॅलवेच्या फ्रान्सी बॅरेट या बॉक्सरवर अन्याय होईल. तो आयरिश ट्रॅव्हलर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांतून भटकत जगलेल्या समाजाचा. ना उत्तर-दक्षिणचा वाद, ना पासपोर्टचा. तरीही आपल्याच देशात परका, कारण या माणसांना पबच्या दारातून परत पाठवलं जायचं. सरावाला जागा म्हणजे एक मालवाहू कंटेनर, शिकवणारा गावातला न्हावी, चिक गिलेन. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला आयर्लंडचा झेंडा या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात होता. सरकारनं ट्रॅव्हलर समाजाला स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यता दिली ती २०१७ मध्ये. झेंडा दिल्यावर एकवीस वर्षांनी.

म्हणून एमीला जाब विचारणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच आहे. निवड समितीनं तिला घेतलं नाही हा समितीचा हक्क. उरलेलं दार ठोठावणं हा तिचा हक्क. वडिलांचं रक्त इंग्लंडचं आहे, ती काही खोटं सांगून गेली नव्हती. इस्तंबूलच्या अंतिम फेरीत तिनं अल्जीरियाच्या इमान खलीफला हरवलं होतं, आणि पॅरिसला सुवर्ण जिंकलं ते खलीफनं. त्या वेळी एमी घरी होती.