किडनीची गाठ आणि सुईतपासणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या काकांच्या सुईतपासणीच्या रिपोर्टात ‘ऑन्कोसायटिक गाठ, नेमका प्रकार सांगता येत नाही’ एवढंच आलं, किडनी काढली आणि गाठ साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, निघाली. म्हणून तुम्ही लिहिलंत की ही तपासणी निरुपयोगी, वर कॅन्सर पसरवणारी, शेवटी किडनी काढावीच लागते, आणि सुईतपासणीवरचा माझा लेख दिशाभूल करणारा. तुमचा राग मला समजतो.

पण तो रिपोर्ट प्रामाणिक होता. ऑन्कोसायटोमा ही साधी गाठ आणि क्रोमोफोब कार्सिनोमा हा कॅन्सर, दोन्हींच्या पेशी दाणेदार द्रव्याने गच्च भरलेल्या असतात. क्रोमोफोबमध्ये केंद्रक मनुक्यासारखं सुरकुतलेलं आणि त्याभोवती फिकट वलय. ऑन्कोसायटोमात ते गोल, गुळगुळीत. स्लाइडवर मात्र या दोन्हींच्या मधल्या पेशीही भेटतात. तिथे नुसत्या पेशी बघून छातीठोक नाव देणारा पॅथॉलॉजिस्ट मला जास्त धोकादायक वाटतो.

माझी चूक वेगळी आहे. सेल ब्लॉकबद्दल मी लेखात लिहिलंच नाही. सुईतला उरलेला ऐवज मेणात बसवून त्याचे पातळ काप काढले, की त्यांवर मार्कर, म्हणजे ठरावीक पेशींनाच रंग देणाऱ्या चाचण्या, लावता येतात. सीके-७ या मार्करने क्रोमोफोबच्या बहुतेक पेशी रंगतात, ऑन्कोसायटोमात तुरळक. अँजिओमायोलिपोमा या रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीच्या साध्या गाठीत चरबी फार कमी असेल तर सीटी स्कॅन फसतो, पण एचएमबी-४५ हा मार्कर ती गाठ ओळखून देतो. मेटानेफ्रिक अ‍ॅडेनोमा या दुर्मिळ साध्या गाठीच्या बारीक, दाट पेशी किडनीच्या पॅपिलरी प्रकारच्या कॅन्सरसारख्या दिसतात; तिथे डब्ल्यूटी-१ आणि सीडी-५७ हे मार्कर कामी येतात. दुर्मिळ गाठींत निम्मी लढाई पुरेसा ऐवज मिळवण्याचीच असते, म्हणून शक्य असेल तिथे जाड सुईने तुकडाही घ्यावा.

सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळ. मूत्रमार्गाच्या अस्तराचा कॅन्सर वाटत असेल तर मात्र सुई सहसा टाळतात. आधी लघवीतल्या पेशी आणि दुर्बिणीची तपासणी.

‘शेवटी किडनी काढावीच लागते’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. किडनीतला लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, औषधांनी बरा करायचा असतो. दुसऱ्या अवयवातून आलेल्या कॅन्सरच्या उपचाराची दिशाच निराळी. आणि ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी सुमारे पाचातली एक साधीच निघते.

काकांच्या वेळी सेल ब्लॉक केला होता का, तेवढं रिपोर्टात बघून कळवाल? सेल ब्लॉकचा भाग मी लेखात आज जोडतो आहे.